ट्रॉफी दरवर्षी एकाच हाऊसला का जाते?

गोव्यातल्या एका कॅथलिक हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या बाईंकडे यंदा सगळ्या हाऊसची, म्हणजे सगळ्या इयत्तांतली मुलं ज्या स्पर्धक गटांत वाटलेली असतात त्यांची, जबाबदारी आली आहे. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, चार हाऊस. तीन वर्षं ट्रॉफी एकाच हाऊसकडे जाते आणि स्पोर्ट्स डे झाला की बाकीच्या तीन हाऊसची मुलं अंग काढून घेतात. बाईंचे प्रश्न दोन: मुलांत जीव आणण्यासाठी नवी नावं, नवी घोषवाक्यं आणि नवे टी-शर्ट आणावेत का? आणि स्वतः हिंदू असताना, हाऊसला ज्या संताचं नाव आहे त्याच्या फेस्ताची (वार्षिक सणाची) प्रार्थना कशी घ्यायची?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. टी-शर्टला हात लावू नका. सातवीतल्या मुलालाही बेरीज येते. उरलेल्या सगळ्या स्पर्धा जिंकल्या तरी पुढच्या हाऊसला गाठता येणार नाही हे त्याला एकदा कळलं, की तो सरावाला थांबणार कशाला? बिघाड दोनच ठिकाणी असू शकतो, मुलांच्या वाटणीत किंवा गुणांच्या वहीत. बहुतेक शाळांत तो दोन्हीकडे थोडा थोडा असतो.

हे हाऊस आले कुठून, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे काही निर्णय त्यावर ठरतात. इंग्लंडमधल्या निवासी शाळांत मुलं खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहायची, त्यावरून हाऊस हा शब्द. दिवसाच्या शाळांनी घर सोडलं आणि गट ठेवला. कॅथलिक शाळांना मात्र त्याआधीची स्वतःची परंपरा आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १५९९ साली आपल्या शाळांसाठी जी शिक्षणपद्धती पक्की केली, तिच्यात मुलांमधली चढाओढ हे शिकवण्याचं साधन मानलं होतं. त्यांचे वर्ग रोम आणि कार्थेज अशा दोन छावण्यांत वाटले जात. दुसरीकडे इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को यांची प्रतिबंधक पद्धत: मूल चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा ते चुकण्याआधीच कोणीतरी मोठं त्याच्यासोबत असावं. तुमच्या शाळेतल्या हाऊसमध्ये हे दोन्ही धागे आहेत. वर्ग आडवा असतो, एका वयाचा. हाऊस उभा असतो, त्यात दहावीची मुलगी पाचवीच्या पोराला नावाने ओळखते. हा उभा धागा तुटला तर उरते ती फक्त ट्रॉफी.

म्हणून कामाला लागण्याआधी एक तपासणी करा. गेल्या वर्षीच्या स्पोर्ट्स डेचे निकाल काढा आणि जिंकणाऱ्या हाऊसचे गुण कोणत्या इयत्तेच्या मुलांनी मिळवले ते इयत्तावार मांडा. निम्म्याहून जास्त गुण दहावीने आणले असतील तर तुमचा प्रश्न शाळा सोडून गेलाय, फेरवाटणीची गरजच नाही. ते सातवी-आठवीने आणले असतील तर अजून दोन-तीन वर्षं हेच चालणार. अशा वेळी सहावी ते आठवीची फेरवाटणी एकदाच, वर्षाच्या सुरुवातीला आणि मुख्याध्यापिकांच्या सहीच्या सूचनेने करावी. नववी-दहावीला हलवू नका. चार-पाच वर्षं निळा घातलेल्या मुलाला शेवटच्या वर्षी लाल दिला तर तो कोणत्याच हाऊसचा राहत नाही.

आता पाचवीची वाटणी. तुकडीत साधारण ४० मुलं धरली तर बारा तुकड्यांची ४८० होतात, म्हणजे हाऊसमागे १२० आणि प्रत्येक तुकडीतून प्रत्येक हाऊसला दहा. बऱ्याच शाळांत हजेरीपट घेऊन पहिले दहा लाल, पुढचे दहा निळे असं करतात. आडनावांच्या क्रमाने लावलेल्या हजेरीत याचा परिणाम काय होतो ते गोव्यात वेगळं सांगायला नको. सगळे फर्नांडिस एका हाऊसात, सगळे नाईक दुसऱ्यात. हजेरीत आधी मुली आणि मग मुलगे असतील तर एका हाऊसला रिलेसाठी मुलगेच सापडत नाहीत. एक-दोन-तीन-चार असं मोजत गेलात तर आडनावांची अडचण सुटते, ताकदीची सुटत नाही.

त्याऐवजी असं करा. पाचवीची मुलं जूनमध्ये आली की पहिल्या दोन आठवड्यांत पीटीच्या सरांकडून दोनच नोंदी घ्या: ५० मीटर धाव आणि जागेवरून लांब उडी. प्रत्येक तुकडीत मुली आणि मुलगे यांच्या वेगळ्या याद्या करून या नोंदींप्रमाणे क्रम लावा. मग वाटणी सापासारखी करा: पहिली चार नावं लाल, निळा, हिरवा, पिवळा, पुढची चार उलटी, पिवळा, हिरवा, निळा, लाल. कारण साधं आहे. सरळ मोजणीत पहिल्या आठांपैकी लालला पहिला आणि पाचवा मिळतो, पिवळ्याला चौथा आणि आठवा. क्रमांकांची बेरीज सहा विरुद्ध बारा. सापाच्या चालीत पहिला-आठवा, दुसरा-सातवा, तिसरा-सहावा, चौथा-पाचवा अशा जोड्या पडतात आणि प्रत्येकाची बेरीज नऊच येते. यादीची सुरुवात दर वेळी वेगळ्या हाऊसपासून करा, नाहीतर शेवटी उरणारी दोन-तीन मुलं कायम त्याच हाऊसांना जातात.

यादी झाली की पेन्सिलने तीन दुरुस्त्या. सख्खं भावंड शाळेत असेल तर धाकटं थोरल्याच्या हाऊसात. थोरल्याचा टी-शर्ट धाकट्याला चालतो आणि स्पोर्ट्स डेला आईवडलांना दोन तंबूंत धावावं लागत नाही. चुलत-मावस भावंडांना हा नियम लावू नका, अर्धा वाडा एकाच हाऊसात येईल. दुसरी दुरुस्ती प्राथमिक शाळेच्या माध्यमाची. मराठी प्राथमिकातून आलेली, कोंकणीतून आलेली आणि इंग्रजीतून आलेली मुलं चारही हाऊसांत सारखी पडली पाहिजेत. नाहीतर मराठी वक्तृत्वाला एका हाऊसकडे पाच जण तयार आणि दुसऱ्याकडे एकही नाही, ही तुमच्याच विषयाची अडचण होईल. तिसरी धर्माची, तिचं कारण शेवटी येईल. या तिन्हींसाठी अदलाबदल करताना क्रमात फार तर दोन जागा वरखाली असलेल्या मुलांचीच करा, म्हणजे वर जमवलेला समतोल ढळत नाही.

एक फट बुजवायची राहते. वर्षाच्या मध्ये दाखला घेऊन येणारा नवा मुलगा. तो वेगाने धावतो हे कळल्यावर त्याचा हाऊस ठरला तर लोक बोलणारच, आणि त्यांचं बोलणं बहुधा खरं असतं. त्या इयत्तेत ज्या हाऊसची संख्या कमी, तो हाऊस कारकुनांनी प्रवेशाच्या दिवशीच रजिस्टरमध्ये लिहावा. पीटीच्या सरांना कोणताच हाऊस देऊ नये. गुणांची वही ज्यांच्याकडे आहे त्यांनाही नाही, म्हणजे बाई, यंदा तुम्हालाही नाही.

आता वही. समजा स्पोर्ट्स डेला तीन वयोगट, मुली आणि मुलगे, प्रत्येकाला सहा वैयक्तिक प्रकार, म्हणजे ३६ स्पर्धा. पहिल्या तिघांना ५, ३, १ गुण दिले तर ३२४. सहा रिले, प्रत्येकी १०, ६, २ असे १८, म्हणजे १०८. मुलींची रस्सीखेच, मुलग्यांची रस्सीखेच, फुटबॉल आणि मार्च पास्ट या चारांना तसेच १८ धरले तर ७२. एकूण ५०४ गुण. त्याच वर्षी इंग्रजी, कोंकणी, मराठी आणि हिंदी वक्तृत्व, प्रश्नमंजूषा आणि समूहगान या सहा स्पर्धांचे ५, ३, १ प्रमाणे सगळे मिळून ५४. वर्षभराचा विजेता एका दिवसात ठरतो तो असा. कोणी लबाडी केलेली नसते, फक्त एका पारड्यात नऊपट वजन पडलेलं असतं.

उपाय बेरजेचा आहे. वर्षाचे चार विभाग करा: खेळ, भाषा-कला, सेवा आणि सहभाग. प्रत्येक विभागात एकूण जितके गुण वाटले गेले त्यातला हाऊसचा वाटा शंभरावर काढा, मग चार वाटे मिळवा. समजा खेळांत लालला २१०, निळ्याला १२०, हिरव्याला १००, पिवळ्याला ७४ मिळाले. शंभरावर ते ४१.७, २३.८, १९.८ आणि १४.७ होतात. भाषा-कलेत उलटं झालं: लाल ९, निळा १२, हिरवा १५, पिवळा १८, म्हणजे १६.७, २२.२, २७.८ आणि ३३.३. जुन्या पद्धतीने लाल २१९ वर आणि पिवळा ९२ वर, मध्ये १२७ गुणांची दरी. नव्या पद्धतीने लाल ५८.४, निळा ४६, हिरवा ४७.६, पिवळा ४८, आणि अजून दोन विभाग बाकी. लाल अजूनही पुढेच आहे, त्याने मेहनत केलीय. पण पिवळ्याच्या कॅप्टनला आता सरावाला मुलं बोलावताना सांगण्यासारखं काहीतरी आहे.

काही शाळा याऐवजी प्रत्येक विभागात क्रमाने ४०, ३०, २०, १० देतात. सोपं आहे, पण त्यात एका गुणाने जिंकलेला आणि शंभराने जिंकलेला सारखाच ठरतो. मला वाट्याची पद्धत बरी वाटते. कॅल्क्युलेटर नववीच्या मुलांच्या हातात द्या, शेकडेवारीचा सरावही होतो.

सहभागाचा विभाग कसा मोजायचा? हाऊसच्या १२० पैकी किती वेगवेगळी मुलं वर्षभरात एकदा तरी कशात उतरली, एवढंच. एक मूल एकदाच मोजायचं. यात हाऊसांमधला फरक फार पडत नाही, दोन-तीन गुणांचा असतो. पण बाकीची दरी आता दहा-बारा गुणांवर आली आहे, त्यामुळे कॅप्टन त्या दोन गुणांसाठी मागच्या बाकावरच्या मुलाला शोधत जातो. त्याच्या जोडीला दोन नियम हवेत. एका मुलाला जास्तीत जास्त दोन वैयक्तिक प्रकार आणि एक रिले, नाहीतर तेच चार धावपटू सगळा दिवस खेळतात. आणि स्पोर्ट्स डेच्या आधीच्या पंधरवड्यात पीटीच्या तासालाच किमान पात्रता घ्या: ठरलेल्या वेळेत १०० मीटर किंवा ठरलेल्या अंतरावर उडी जो पार करेल त्याचा हाऊसला एक गुण. हे गुण खेळांच्या विभागात जातील. पात्रता वर्गातल्या दहापैकी सहा जणांना जमेल इतकीच ठेवा. वयोगट आंतरशालेय स्पर्धांना लागतात तेच, १४ आणि १७ वर्षांखालचे, आणि खाली १२ चा एक. जन्मतारखेची कटऑफही तीच धरा, म्हणजे निवडचाचणी वेगळी घ्यावी लागत नाही.

सेवेत किलोवर किंवा रुपयांवर गुण देऊ नका. समजा तांदूळ गोळा केला आणि वजनावर गुण दिले, तर ज्या हाऊसात दुकानदाराचा मुलगा आहे ते जिंकतं. किती मुलांनी मूठभर का होईना आणला, ते मोजा.

वजा गुणांबद्दल माझं मत ठाम आहे: नकोत. उशीर झाला, बूट काळे नव्हते, वजा दोन. मूल उशिरा येतं ते बहुतेकदा बस चुकली म्हणून, आणि बूट नसतात ते घरी पैसे नाहीत म्हणून. शिक्षकांनी वजा दोन लिहिले की बाकीचं काम हाऊसची मुलंच करतात, तेही तुम्ही बघत नसाल तेव्हा. शिस्त वर्गशिक्षकांकडे राहू द्या. परीक्षेचे गुणही हाऊसच्या हिशेबात आणू नका.

कॅप्टनचं थोडक्यात. दहावीच्या मुलांना डिसेंबरनंतर बोर्डाची परीक्षा दिसू लागते, म्हणून कॅप्टन दहावीचा आणि व्हाइस कॅप्टन नववीचा असावा, आणि जानेवारीपासून सूत्रं नववीकडे जावीत. हे इन्व्हेस्टिचरच्या (कॅप्टनच्या पदग्रहणाच्या) दिवशीच जाहीर करा, म्हणजे मधे काढून घेतल्यासारखं वाटत नाही. शिक्षकांनी चार नावं सुचवावी आणि हाऊसने गुप्त मतदान करावं. नुसती निवडणूक ठेवली तर सगळ्यात मोठ्या आवाजाचा निवडून येतो. नुसती नेमणूक केली तर शिक्षकांचा लाडका होतो आणि त्याचं कोणी ऐकत नाही.

सराव कधी घ्यायचा हा गोव्यातला खरा पेच. शाळा दुपारी सुटली की बालरथ (शाळेची बस) निघतो आणि लांबच्या वाड्यावरची मुलं त्याच्यासोबत जातात. शाळा सुटल्यावरच सराव ठेवलात तर जवळ राहणाऱ्यांचीच टीम बनते, मग सापाची वाटणी करून काय उपयोग? आठवड्यात एक तास वेळापत्रकातच हाऊसचा म्हणून मागून घ्या. मुख्याध्यापिकांकडून एकच गोष्ट मिळणार असेल तर ही मागा. वरचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होत असतील तर तेव्हा फक्त जुन्या याद्या तपासा. वाटणी जूनमध्ये, इन्व्हेस्टिचर जुलैच्या सुरुवातीला. पावसाळ्यात वक्तृत्व, प्रश्नमंजूषा, बुद्धिबळ, कॅरम उरकून घ्या. फुटबॉल पावसातही होतो, चिखलाची तक्रार फक्त पालक करतात. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात काहीही ठेवू नका, निम्मी मुलं माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडणीच्या, तयारीत असतात. समूहगान आणि लोककला चतुर्थीनंतर घ्या, घुमट हे वाद्य तोवर घराघरातून बाहेर निघालेलं असतं. स्पोर्ट्स डे नोव्हेंबर-डिसेंबरात आणि वही जानेवारीअखेर बंद.

वहीचे रकाने: तारीख, स्पर्धा, गट, पहिले तिघे, हाऊस, गुण, परीक्षकाची सही. आक्षेप शाळेच्या दोन दिवसांत, लेखी, कॅप्टनकडूनच. बेरीज फळ्यावर महिन्यातून एकदाच लावा. वक्तृत्वाला मुलांनी शाळेच्या गणवेशात, छातीवर फक्त क्रमांक लावून यावं. हाऊसचा टी-शर्ट घालून मूल उभं राहिलं की परीक्षक कितीही सरळ असला तरी त्याला रंग दिसतोच.

टी-शर्टचा प्रश्न तुम्ही विचारलाच आहे, तर त्याच्या खर्चाबद्दल. छपाईवर वर्ष घालू नका, म्हणजे एक टी-शर्ट दोन-तीन वर्षं चालतो. रंगाबरोबर चिन्हही असू द्या, लाल-हिरवा ओळखू न येणारी मुलं असतात. जाणाऱ्या दहावीकडून धुतलेले टी-शर्ट परत घेऊन प्रत्येक हाऊससाठी पाच-सहा ऑफिसात ठेवा, आणि ज्याला लागेल त्याला कारण न विचारता द्या.

आता प्रार्थना. संविधानाच्या कलम २८ (३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धर्मशिक्षणात किंवा उपासनेत त्याच्या संमतीशिवाय, आणि अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, भाग घ्यायला लावता येत नाही. शाळा चालवणाऱ्या संस्थांना हे ठाऊक असतं, म्हणूनच बऱ्याच ठिकाणी कॅथलिक मुलांना कॅटेकिझम (ख्रिस्ती धर्मशिक्षण) असतो तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. हाऊसातही तीच रेघ ओढा. प्रार्थना हाऊसमधल्या कॅथलिक मुलांनी किंवा कॅथलिक शिक्षकांनी घ्यावी. तुम्ही शांत उभ्या राहिलात तर त्यात कोणाचाच अनादर नाही. बायबल प्रश्नमंजूषा हाऊसच्या गुणांत धरायची असेल तर तिच्याबरोबर मूल्यशिक्षणाची फेरीही तितक्याच गुणांची हवी. आणि ज्या हाऊसात कॅथलिक मुलं मोजकीच आहेत ते बायबलच्या फेरीत आधीच हरलेलं असतं, म्हणून वाटणीत धर्माचा समतोल.

फेस्ताचा दुसरा अर्धा भाग मात्र तुम्ही निःसंकोच घ्या, तो म्हणजे संताचं चरित्र. जुझे वाझ यांचं नाव असलेला हाऊस असेल तर सांगायला किती आहे बघा. १६५१ साली बाणावलीत जन्म, डचांच्या राजवटीत कॅथलिकांना बंदी असताना मजुराच्या वेषात श्रीलंकेत प्रवेश, कँडीत देवीची साथ आल्यावर लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा, १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत संतपद. त्यांचं फेस्त १६ जानेवारीला. त्या आठवड्यात हाऊसने आजारी रजेवरच्या वर्गमित्रांच्या वह्या पूर्ण करून घरी पोचवल्या, तर त्यात प्रत्येक धर्माचं मूल उतरू शकतं आणि सेवेच्या रकान्यात नोंदही होते. नावं नव्याने ठेवायचीच वेळ आली तर फेस्तांच्या तारखा वर्षभर पसरलेल्या बघा: आलॉयशियस गोन्झागा २१ जून, इग्नेशियस लोयोला ३१ जुलै, मदर तेरेसा ५ सप्टेंबर, फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर. झेवियरच्या दिवशी गोव्यात सुट्टी असते, त्या हाऊसची असेंब्ली एक दिवस आधी धरा.